शेवटच्या तासाचा उजेड

खिशात सदैव बाळगायची विजेरी विकताना बाजार ग्राहकापुढे जो आकडा सर्वांत आधी ठेवतो, तो तिच्या कमाल प्रकाशाचा असतो. आणि विश्वासार्हतेविषयी सर्वांत कमी सांगणारा आकडाही नेमका तोच असतो. विजेरी विश्वासार्ह आहे म्हणजे गरज पडेल त्या क्षणी ती अंगावर असेल, बटण दाबताच लागेल आणि हातातले काम संपेपर्यंत साथ सोडणार नाही. या तीन अटींपैकी एकही अट कमाल प्रकाशाने पुरी होत नाही. म्हणून विजेरी पारखायची ती पहिल्या मिनिटाच्या झगमगाटावरून नव्हे, तर शेवटच्या तासाच्या उजेडावरून.

महाराष्ट्रात हा प्रश्न केवळ हौशी माणसांचा नाही. शेतीपंपांची वीज पाळीने मिळते आणि पाळी रात्रीची आली की शेतकऱ्याला दारे धरायला रात्रीच शिवारात जावे लागते, म्हणजे पाटाचे पाणी एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात वळवीत ओल्या बांधांवरून अंधारात फिरावे लागते. दिवसा वीज देण्यासाठी सौर कृषी वाहिनीसारख्या योजना राबवल्या जात असल्या, तरी जेथे त्या पोहोचलेल्या नाहीत तेथे रात्रीचे पाणी चुकत नाही. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप या राज्यात आढळतात आणि त्यांपैकी मण्यार तर प्रामुख्याने रात्रीच बाहेर पडते. २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली असावीत, असा अंदाज २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक अभ्यासाने मांडला असून, त्यातील बहुसंख्य मृत्यू ग्रामीण भागातले आहेत. रात्री चालताना पायापुढे उजेड असणे हा त्यापासून बचावाचा अगदी साधा उपाय आहे, आणि तो ज्या वस्तूवर अवलंबून आहे तिच्या निवडीकडे गांभीर्यानेच पाहिले पाहिजे.

मोबाइलच्या दिव्यावर हे काम भागते असा समज रूढ आहे आणि घरातल्या घरात पडलेली किल्ली शोधण्यापुरता तो खराही आहे. परंतु त्या दिव्यामागे प्रकाश एकवटणारा परावर्तक नसतो, त्यामुळे त्याचा उजेड चार पावलांपलीकडे विरून जातो. शिवाय तो हाताळायचा म्हणजे काचेचे एक महागडे उपकरण पावसात आणि चिखलात उघड्यावर धरायचे. याहून महत्त्वाची अडचण अशी, की ज्या फोनवरून अडचणीच्या वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवायची, त्याचीच बॅटरी वाट उजळण्यासाठी खर्ची पडते. उजेड आणि संपर्क ही दोन साधने वेगळी ठेवणे हेच शहाणपणाचे.

विजेरीच्या खोक्यावरची मापे समजून घेतल्याशिवाय तुलना करता येत नाही. ल्यूमेन हे दिव्यातून सर्व दिशांना मिळून बाहेर पडणाऱ्या एकूण प्रकाशाचे माप आहे. कॅन्डेला हे ठरावीक दिशेने, येथे झोताच्या ऐन मध्यभागी, एकवटलेल्या तीव्रतेचे माप आहे. तर लक्स हे समोरच्या पृष्ठभागावर प्रत्यक्ष पडलेल्या प्रकाशाचे माप आहे. ल्यूमेन सारखेच असूनही खोल परावर्तकाची विजेरी झोत दूरवर फेकते आणि उथळ परावर्तकाची विजेरी जवळचा परिसर भरून टाकते. विजेऱ्यांच्या मोजमापासाठी अमेरिकेत २००९ साली एफएल-१ नावाचे मानक ठरले. त्यानुसार झोताचा पल्ला म्हणजे ज्या अंतरावर त्याचा प्रकाश पाव लक्सवर, अर्थात निरभ्र पौर्णिमेच्या चांदण्याच्या आसपास, उतरतो ते अंतर. या व्याख्येने २,५०० कॅन्डेलाच्या विजेरीचा पल्ला १०० मीटर भरतो. मात्र अंतर दुप्पट झाले की प्रकाश चौथाई होतो, या नियमाने तीच विजेरी ५० मीटरवर १ लक्स, २५ मीटरवर ४ लक्स आणि १० मीटरवर २५ लक्स प्रकाश देते. बांधावरचे गवत आणि त्यातली हालचाल ओळखायची असेल तर चांदण्याइतका उजेड पुरत नाही, म्हणून खोक्यावरच्या पल्ल्याचा चौथा हिस्साच कामाचा धरलेला बरा.

टिकण्याच्या काळाविषयीचा आकडा याहून अधिक फसवा असतो. त्याच मानकात दिवा लावल्यानंतर ३० सेकंदांनी मोजलेला प्रकाश उतरत उतरत त्याच्या दहा टक्क्यांवर येईपर्यंतचा काळ हा टिकण्याचा काळ मानला आहे. त्यामुळे हजार ल्यूमेन आणि तीन तास असे खोक्यावर छापलेली विजेरी पहिली दोन मिनिटेच हजार ल्यूमेन देऊन उरलेला वेळ दीडशे ल्यूमेनवर चालत असली, तरी तो दावा नियमात बसतो. प्रकाश असा उतरवण्यामागे कारणही आहे. एलईडी, म्हणजे विद्युतप्रवाहाने प्रकाशणारा अर्धवाहकाचा बारीक तुकडा, मिळालेल्या ऊर्जेचा मोठा हिस्सा उष्णतेत घालवतो. ती उष्णता ॲल्युमिनियमच्या नळीतून हवेत जाईपर्यंत नळी हातात धरवेनाशी होते, म्हणून आतले नियंत्रक मंडल प्रवाह आपोआप कमी करते. तात्पर्य, खिशात मावणाऱ्या विजेरीने तासभर किती प्रकाश द्यावा याची मर्यादा तिच्या आकारानेच ठरवून दिलेली असते.

मुळात इतक्या लहान वस्तूकडून इतकी अपेक्षा करता येऊ लागली ती अलीकडेच. डेव्हिड मिसेल यांना १८९९ साली अमेरिकेत ज्या हातविजेरीचे पेटंट मिळाले, तिच्यात नळीत कोरडे सेल आणि टोकाला बल्ब व पितळी परावर्तक अशी रचना होती, आणि पुढे शतकभर ही रचना फारशी बदलली नाही. तारेच्या बल्बला एका वॉटमागे दहाएक ल्यूमेन देतानाही दमछाक होत असे. १९९० च्या दशकात जपानमध्ये तेजस्वी निळा एलईडी साकारला, त्यावर पिवळा प्रकाश देणाऱ्या फॉस्फरचा थर चढवून पांढरा उजेड मिळवता आला, आणि या शोधासाठी इसामु अकासाकी, हिरोशी अमानो व शुजी नाकामुरा यांना २०१४ चे भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजची चांगली विजेरी एका वॉटमागे साधारण शंभर ल्यूमेन देते.

हा आकडा हाताशी असला की विजेरीचा हिशेब कोणालाही घरी मांडता येतो. पेन्सिल सेलच्या मापाचा, २,००० मिलिअँपिअर-तास क्षमतेचा निकेल-मेटल हायड्राइड सेल १.२ व्होल्ट दाबाने सुमारे २.४ वॉट-तास ऊर्जा साठवतो. म्हणजे शंभर ल्यूमेनचा उजेड तो दोन तासांहून थोडा अधिक आणि दहा ल्यूमेनचा उजेड जवळपास पूर्ण दिवसभर देऊ शकतो. ज्याला १८६५० म्हणतात, म्हणजे ज्याचा व्यास १८ आणि लांबी ६५ मिलिमीटर असते, तो लिथियम-आयन सेल बारा वॉट-तासांच्या आसपास ऊर्जा साठवतो, म्हणून शंभर ल्यूमेन तो रात्रभर पुरवतो. जी विजेरी याहून पाचपट दहापट दावा करते, तिचा दावा खोटा असतो. तसेच ज्या १८६५० सेलवर ९,९०० मिलिअँपिअर-तास असे छापलेले असते तो सेलही खोटा असतो, कारण या मापाच्या चांगल्या सेलची क्षमता ३,५०० च्या आसपासच असते.

विजेरी निकामी होण्यामागे बहुतेक वेळा दिवा नव्हे, तर सेलच कारणीभूत असतो. स्वस्त जस्त-कार्बन सेलमध्ये बाहेरचे जस्ताचे डबडे हाच ऋण ध्रुव असतो आणि वीज देता देता तेच झिजते, त्यामुळे जुना सेल आतच राहिला तर डबड्याला भोक पडून द्रव बाहेर येतो. अल्कलाइन सेल अधिक काळ चालतो, पण त्यातला पोटॅशियम हायड्रॉक्साइड झिरपला की मागच्या झाकणातल्या स्प्रिंगवर पांढरट खार धरतो, धातू खाल्ला जातो आणि महिनोन्महिने उशाशी ठेवलेली विजेरी ऐन वेळी लागत नाही. असा खार व्हिनेगरमध्ये बुडवलेल्या कापसाने पुसला तर अल्कली निष्प्रभ होते. मात्र स्प्रिंग खंगली असेल तर उपाय उरत नाही. म्हणून नित्य वापराच्या विजेरीत पडून राहिले तरी भार टिकवून धरणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घालावेत. ते क्वचितच झिरपतात, शेकडो वेळा भारित करता येतात आणि ते संपले तर कोणत्याही वाण्याच्या दुकानातला साधा पेन्सिल सेल त्या जागी बसतो. लिथियम-आयन सेल ताकदवान असला तरी तो नामांकित कंपनीचा, अतिभार आणि अतिउपसा रोखणारे संरक्षक मंडल असलेला असावा. पेन्सिल सेलच्याच मापाचा १४५०० नावाचा लिथियम-आयन सेलही मिळतो. त्याचा दाब ३.७ व्होल्ट असल्याने, उत्पादकाने तशी मुभा दिलेली नसेल तर तो पेन्सिल सेलच्या विजेरीत कदापि घालू नये. ज्या विजेरीतला सेल काढताच येत नाही ती विजेरी सेलबरोबरच मरते, हेही खरेदीआधी लक्षात घेतले पाहिजे.

बटणाचा विचार लोक सहसा करत नाहीत, पण खिशातल्या विजेरीत तो मोठाच प्रश्न आहे. नकळत दाबले जाणारे बटण खिशातच सेल रिकामा करते आणि विजेरी ताकदवान असेल तर कापड व कातडीही भाजते. मागच्या टोकाला खोलगट बसवलेले, दाबताना खट्ट आवाज करणारे यांत्रिक बटण या दृष्टीने सर्वांत भरवशाचे. बाजूला असलेले इलेक्ट्रॉनिक बटण सोयीचे असले, तरी त्याच्या प्रतीक्षेत मंडल सतत थोडी वीज घेत राहते. अशा विजेरीचे मागचे झाकण पाव फेरा सैल करून ठेवावे. आट्यांवर ॲनोडायझिंग, म्हणजे ॲल्युमिनियमवर विद्युतरासायनिक क्रियेने चढवलेला कठीण आणि वीजरोधक ऑक्साइडचा थर असेल, तर तेवढ्याने प्रवाह पूर्ण तुटतो. बटण पहिल्यांदा दाबल्यावर मंद उजेड लागावा, कारण अंधाराला पूर्ण सरावायला डोळ्यांना वीस ते तीस मिनिटे लागतात आणि प्रखर झोत तो सराव क्षणात मोडतो. लुकलुकणारा धोक्याचा उजेड रोजच्या क्रमात मध्येच येत असेल, तर ती विजेरी घेऊ नये.

कोकणातल्या किंवा सह्याद्रीच्या पावसात पाणी शिरणे हे मरण ठरते. आयपीएक्स ४ ही खूण केवळ उडणाऱ्या पाण्यापासून संरक्षणाची हमी देते, तर आयपीएक्स ७ म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास राहूनही आत हानिकारक प्रमाणात पाणी शिरत नाही. पुढचे डोके मागेपुढे सरकवून झोत लहानमोठा करणाऱ्या विजेऱ्या आकर्षक दिसतात, परंतु सरकणारा सांधा पाणी आणि धूळ सहसा नीट रोखू शकत नाही आणि झोत बारीक करताना बराच प्रकाश आतच अडून वाया जातो. आट्यांजवळच्या रबरी कड्याला वर्षातून एकदोनदा सिलिकोन ग्रीस लावले, तर ते सुकून तडकत नाही.

प्रकाशाचा रंग हाही चैनीचा विषय नव्हे. निळसर पांढऱ्या उजेडात तपकिरी आणि लाल छटा फिक्या पडतात, त्यामुळे वाळल्या पाचोळ्यावरची घोणस, जखमेतले रक्त किंवा वीजपेटीतली तपकिरी आणि लाल तार ओळखताना घोटाळा होऊ शकतो. रंग किती खरे दिसतात हे सांगणारा रंगदर्शन निर्देशांक शंभरपैकी नव्वदच्या पुढे असेल आणि रंगतापमान ४,००० ते ५,००० केल्विन असेल, तर काही ल्यूमेन कमी पडले तरी जे दिसते ते नीट ओळखू येते.

दुकानात विजेरी लावून तळहातावर दोनतीनदा आपटावी. उजेड थरथरला तर स्प्रिंग किंवा जोड सैल आहे असे समजावे. मागचे झाकण उघडून आटे हाताला गुळगुळीत लागतात का आणि रबरी कडे जागेवर आहे का, हे पाहावे. भिंतीवर झोत टाकल्यावर मध्यभागी तेजस्वी ठिपका आणि भोवती पसरट उजेड असे दोन्ही दिसले पाहिजेत, कारण ठिपका वाट दाखवतो आणि पसरट उजेड पायाजवळचे दाखवतो. घरी आणल्यावर मधल्या पातळीवर ती पूर्ण संपेपर्यंत लावून वेळ टिपून ठेवावी. कोणत्याही जाहिरातीपेक्षा हा एकच प्रयोग अधिक सांगतो.

या सर्वांचा मेळ घातला तर सर्वसाधारण घरासाठी एका पेन्सिल सेलवर चालणारी, मंद, मध्यम आणि प्रखर अशा तीन पातळ्यांची, ॲल्युमिनियमची आणि आयपीएक्स ७ दर्जाची विजेरी पुरेशी ठरते. तिच्यासोबत एक भारित सेल राखीव असावा. ज्यांना रात्र रात्र शिवारात काढावी लागते त्यांनी बदलता येणाऱ्या १८६५० सेलची विजेरी घ्यावी आणि तिच्या जोडीला काठी व गुडघ्यापर्यंतचे बूट वापरावेत. पंखा आणि फ्रीज यांच्यावर वीजबचतीची तारांकित पट्टी असते. त्याच धर्तीवर प्रत्येक विजेरीच्या खोक्यावर मध्यम पातळीचा प्रकाश आणि तो किती तास स्थिर राहतो हे दोन आकडे ठळकपणे छापणे सक्तीचे व्हायला हवे. तोपर्यंत ग्राहकाने विक्रेत्याला हे दोन प्रश्न विचारावेत आणि उत्तर न देणाऱ्या विजेरीला, ती कितीही झगमगली तरी, खिशात जागा देऊ नये.