मुळीतली ताकद आणि पुडीतला धोका

शिरवण्यातल्या ओळखीच्या एका घरी आम्ही परवा गेलो होतो. तिथल्या दादीजींनी पंधरा दिवसांपासून रक्तदाबाची गोळी बंद केलेली. कुणीतरी सर्पगंधेची पूड आणून दिली होती. "झाडपाल्याचं औषध, त्यानं काय नुकसान होणार?" असे त्यांचे म्हणणे. सून बिचारी गप्प.

या मुळीला कमी लेखू नका, असे आम्ही त्यांना सांगितले. युनानी हकीम तिला असरोल म्हणतात. दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुज्जमान सिद्दीकी यांनी १९३१ साली तिच्यातून एक द्रव्य वेगळे काढले आणि चार वर्षांपूर्वी अल्लाहला प्यारे झालेल्या हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला 'अजमलीन' म्हटले. हृदयाच्या ठोक्यांचा एक दोष ओळखण्यासाठी काही देशांत डॉक्टर आजही ते वापरतात. पुढे आपल्या मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रुग्णांना ही मुळी देऊन पाहिली. १९४९ साली त्यांचे निष्कर्ष 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्ये छापून आले आणि जगाचे लक्ष सर्पगंधेकडे गेले. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातले 'रेसरपीन' हाती लागले.

पण याच रेसरपीनने नाक चोंदते, ठोके मंदावतात, काहींना तर खोल उदासी येते. म्हणून चांगली औषधे आल्यावर ते मागे पडले. त्याची मात्राही केवढी, तर दिवसाला पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी! मुळीतले प्रमाण मात्र झाडागणिक बदलते. मग चमचाभर पुडीत ते किती आले, हे दादीजींना कोण सांगणार?

आमचा विरोध वनस्पतींना नाही. सालनातला लसूण, डाळी, भाज्या, मूठभर अक्रोड खुशाल खा. इसबगोलाने कोलेस्टेरॉल थोडे उतरतेही. मात्र रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लसणाच्या कॅप्सूल डॉक्टरांना न विचारता घेऊ नयेत. रक्तस्राव वाढू शकतो.

दादीजींचा वरचा रक्तदाब त्या संध्याकाळी १७० भरला. ना डोके दुखत होते, ना चक्कर. तेच तर त्यांना पटत नव्हते. दुसऱ्या दिवशी सूनबाई त्यांना दवाखान्यात घेऊन गेल्या. गोळ्यांच्या पाकिटासोबत ती पुडीही पिशवीत घ्यायला आम्ही सांगितले होते.