घसरण मोजायची, पण कधी?

प्लास्टिकची फिल्म किती घसरते, हा प्रश्नच मला अर्धवट वाटतो. कशावर घसरते? आणि कधी?

चाचणी तशी साधी. एएसटीएम डी १८९४ नुसार २०० ग्रॅमच्या चौकोनी ठोकळ्याला फिल्म लावायची, तो दुसऱ्या फिल्मवर ठेवायचा आणि मिनिटाला १५० मिलिमीटर वेगाने ओढायचा. हलायला सुरुवात होताना लागलेलं बल भागिले वजन म्हणजे स्थैतिक घर्षणांक. सरकत असतानाचं सरासरी बल घेतलं की गतिक.

गंमत पुढेच आहे. पॉलिथिन घसरावं म्हणून त्यात एरुकामाइड घालतात. ते आतून हळूहळू पृष्ठभागावर येतं. कधी तासांत, कधी दिवसांत. म्हणजे आज अडखळणारा रोल चार दिवसांनी गुळगुळीत! घर्षण जास्त असेल तर फिल्म पॅकिंग मशीनवर अडकते, फार कमी असेल तर भरलेल्या पिशव्यांची थप्पी सरकते. आणि थप्पीशेजारी हमाल उभा असतो.

म्हणून प्रमाणपत्रावर नुसतं ‘०.२’ लिहिणं मला पटत नाही. फिल्मची कुठली बाजू, कशावर ओढली, रोल निघाल्यावर कितव्या दिवशी, हेही हवंच. एक ओळ वाढेल, एवढंच. हमालाच्या पाठीपेक्षा ती नक्कीच स्वस्त आहे.