विमान दीड तासाचं, वाट आर्वीची

नागपूर ते मुंबई हवाई अंतर सुमारे 680 किलोमीटर, वेळ साधारण दीड तास. अमरावती ते मुंबई अंतर जवळपास 140 किलोमीटरनं कमी, तरी वेळ पावणेदोन तास! यात गौडबंगाल काही नाही. नागपूरहून जेट उडतं. अमरावतीजवळच्या बेलोऱ्याहून 16 एप्रिल 2025 रोजी सेवा सुरू झाली ती पंख्याच्या एटीआर विमानानं. ते जेटपेक्षा हळू, पण 1850 मीटरच्या धावपट्टीवर निभावणारं. शिवाय वेळापत्रकातली वेळ निव्वळ उडण्याची नसते. विमान जागचं हललं तिथपासून मुंबईत जागेवर लागेपर्यंतचं सगळं रेंगाळणं तिच्यात धरलेलं असतं.

धरलेला नसतो तो आर्वीचा माणूस.

त्याचा प्रवास घराच्या फाटकापासून सुरू होतो. नागपूर शंभर किलोमीटरच्या वर. सकाळचं विमान असेल तर मध्यरात्र उलटल्यावर सांगून ठेवलेली गाडी दारात येते. तळेगावला महामार्गाला लागायचं, मग कारंजा, कोंढाळी. काउंटर तासभर आधी बंद होतं, म्हणून त्याच्याही आधी पोचायचं. मुंबईला जायला दीड तास आणि विमानापर्यंत पोचायला चार! त्यात म्हातारे आईवडील पोराकडे निघालेले असले, तर सोबत एक माणूस नागपूरपर्यंत हवा आणि त्याच गाडीचं परतीचं भाडंही.

बेलोरा त्या मानानं जवळ, साठ-सत्तर किलोमीटर. पण तिथली सेवा सुरू झाली ती आठवड्यातून तीन दिवसांची. काम नेमकं चौथ्या दिवशी निघतं. वर्धा नदीपलीकडच्या कौंडण्यपुराहून रुक्मिणीला नेणाऱ्या कृष्णाचं बरं होतं, रथ देवळापाशीच उभा होता.

आर्वीला दाराशी येणारं वाहन कधी मिळालंच नाही असंही नाही. 1917 साली पुलगाव-आर्वी नॅरोगेज सुरू झाली, जेमतेम 35 किलोमीटरची. डुलत डुलत चालायची, पण मुंबई-नागपूर मुख्य मार्गाला गाव बांधलेलं होतं. ती बंद पडली, आणि ब्रॉडगेजची निवेदनं देता देता एक पिढी म्हातारी झाली. आता त्याच पिढीला नव्या विमानतळाच्या बातम्या वाचून दाखवल्या जातात.

विमानतळ नको असं कोण म्हणेल? पण त्याचा उपयोग किती गावांना, हे नकाशावर कंपास फिरवून ठरत नाही. बेलोऱ्याच्या विमानाची वेळ धरून आर्वी आगारातून एक एसटी सोडायला नवी धावपट्टी लागत नाही, दिल्लीची परवानगीही नाही. विमानाला उशीर झाला तर परतीची गाडी थांबेल, एवढी सूचना मात्र चालक-वाहकाला लेखी द्यावी.