ओहोटी रीशेड्यूल होत नाही

सुट्टीचा शेवटचा दिवस हा सुट्टीतला सगळ्यात वाईट दिवस असतो. अंग तिकडे असतं, मन सोमवारच्या स्टँडअपला पोचलेलं असतं. हे लिहितोय तेव्हा चपलांमधली वाळू अजून बाल्कनीत सांडतेय, धुण्याची तिसरी फेरी मशीनमध्ये आहे आणि इनबॉक्सकडे मी मुद्दाम बघत नाहीये. उद्या बघू.

तर, आम्ही अंदमानला जाऊन आलो. आठ दिवस. बायको, सहा वर्षांची लेक आणि मी. (आणि लॅपटॉप. पण त्याच्याबद्दल पुढे.)

अंदमानला गेलेल्या माणसाने समुद्राच्या निळ्या रंगावर चार परिच्छेद लिहायचे असतात. ते मी गाळतोय. फोटो तुम्ही पाहिलेच असतील, समुद्र खरोखर तसाच आहे. स्वराज द्वीपवर (हे जुनं हॅवलॉक, नाव बदललं डिसेंबर २०१८ मध्ये) राधानगरच्या किनाऱ्यावर तीन तास नुसतं बसून राहता येतं, आणि मी बसलो. पहिल्या दिवशी हात आपोआप खिशाकडे जात होता. तिसऱ्या दिवशी जायचा थांबला. एवढं पुरे.

मला जास्त गंमत वाटली ती घड्याळाची. अंदमान साधारण ९३ अंश पूर्व रेखांशावर आहे, पुणे ७४ च्या जरा अलीकडे. म्हणजे १९ अंशांचा फरक, एका अंशाला चार मिनिटं, म्हणजे सव्वा तासाहून थोडं जास्त. पण घड्याळ दोन्हीकडे एकच. त्यामुळे डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचला सूर्य बुडतो! पाच म्हणजे आपल्याकडे दुसऱ्या चहाची आणि क्लायंट जागा व्हायची वेळ. तिथे तेव्हा दिवस संपलेला असतो. पहिले दोन दिवस आम्ही पुण्याच्या सवयीने नऊला उठलो आणि अर्धा दिवस हुकवला. मग शहाणे झालो, पहाटे साडेपाचला उठायला लागलो. (बायको अजूनही हा चमत्कार सगळ्यांना सांगते आहे.)

आता लॅपटॉपबद्दल.

एकेकाळी अंदमानला जाणं म्हणजे आपोआप ऑफलाईन होणं होतं. सगळं इंटरनेट उपग्रहावरून यायचं, ते इतकं हळू की ऑफिसमध्ये "तिकडे नेट नाही" म्हटलं की विषय संपायचा. १० ऑगस्ट २०२० ला चेन्नईहून समुद्राखालून टाकलेली सुमारे २३०० किलोमीटरची ऑप्टिकल फायबर केबल सुरू झाली. तिथल्या लोकांच्या दृष्टीने ही फार मोठी गोष्ट आहे. मुलांचं शिक्षण, दवाखाने, बँका, सगळंच सोपं झालं. तक्रार करायचा मला काहीच हक्क नाही. फक्त एक झालं, आपली सबब गेली. आता "तिकडे नेट नाही" म्हणता येत नाही, "मी बघणार नाही" असं म्हणावं लागतं. आणि हे दुसरं वाक्य आपल्याला म्हणता येत नाही.

सहाव्या दिवशी आम्ही शहीद द्वीपवर (जुनं नील) होतो. तिथे लक्ष्मणपूरजवळ खडकाची एक नैसर्गिक कमान आहे. ओहोटी लागली की तिच्यापर्यंत चालत जाता येतं आणि वाटेत खडकांमधल्या डबक्यांत एक अख्खं प्राणिसंग्रहालय उघडं पडतं. आमच्यासाठी ओहोटी दुपारी होती. दुसऱ्या दिवशी सकाळी परतीची फेरी. म्हणजे संधी एकच.

साडेबाराला मेसेज आला. "सुट्टीत त्रास देतोय, सॉरी, पण पाच मिनिटं कॉलवर येशील का?"

पाच मिनिटं! ही आपल्या धंद्यातली सगळ्यात जुनी थाप. मी बायकोला म्हटलं, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. आणि हॉटेलच्या जेवणघरात लॅपटॉप उघडला. रात्रीचा एक जॉब पडला होता. कॉलवर अकरा जण. प्रत्येकाची एकेक थिअरी. पावणेतीन तास चालला तो कॉल.

शेवटी सापडलं काय, तर एक सर्टिफिकेट एक्स्पायर झालं होतं. नवीन टाकायला दहा मिनिटं लागली. मग मी चॅट वर सरकवत गेलो, तर आमच्या टीममधल्या सगळ्यात ज्युनियर मुलीने ११ वाजून ५० मिनिटांनी नेमकं हेच लिहून ठेवलं होतं. मला मेसेज यायच्या चाळीस मिनिटं आधी! कुणी वाचलंच नाही, कारण सगळे माझी वाट बघत होते. आणि तिला स्वतःला ते दुरुस्त करता आलं नाही, कारण सर्टिफिकेट बदलायचा अ‍ॅक्सेस माझ्या एकट्याकडे. तो दुसऱ्या कुणाला द्यायचं काम माझ्याच यादीत सहा महिने पडून होतं.

लेक परत आली तेव्हा गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. "बाबा, काकडीसारखा प्राणी असतो! पण गाईडदादा म्हणाले, हात लावायचा नाही. आणि तारामासा निळा होता! तू का नाही आलास?"

मी म्हटलं, काम होतं. ती म्हणाली, "मग आता चल ना." तोवर पाणी भरायला लागलं होतं.

इथपर्यंत वाचून तुमचं मत झालं असेल की हा माणूस आता कंपनीच्या नावाने खडे फोडणार. फोडले असते. पण परतीच्या फेरीत दोन तास समुद्राकडे बघताना माझ्या हे लक्षात आलं की तो अ‍ॅक्सेस मी दिला नव्हता तो आळसामुळे नाही. निदान फक्त आळसामुळे नाही. आपल्यावाचून अडतं, ही भावना मला आवडते. पगारवाढीच्या मीटिंगमध्ये तीच माझी पुंजी असते. तुम्हीही स्वतःला विचारून बघा, सुट्टीत एकही मेसेज आला नाही तर हायसं वाटतं, की पोटात थोडा गोळा येतो?

कायद्याने प्रश्न सुटेल असं पूर्वी मला वाटायचं. फ्रान्समध्ये २०१७ पासून कामाच्या वेळेबाहेर संपर्क तोडायचा हक्क आहे, ऑस्ट्रेलियात २०२४ पासून आहे. आपल्याकडे सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत तसं खासगी विधेयक मांडलं होतं. कायदा हवाच, कारण ज्या मुलाला नाही म्हटलं तर नोकरी जाईल अशी भीती आहे त्याला माझ्या असल्या चिंतनाचा शून्य उपयोग आहे. पण माझ्यासारख्या चौदा वर्षं मुरलेल्या माणसाला कायदा वाचवू शकत नाही. मला कुणी धमकावलं नव्हतं. त्या मेसेजमध्ये तर "सॉरी"ही होतं!

शेवटच्या दिवशी सेल्युलर जेल पाहिला. मराठी माणूस अंदमानला जाऊन तिथे गेला नाही असं होत नाही. सावरकर १९११ ते १९२१ जिथे होते ती कोठडी बघायला रांग होती. पण माझं लक्ष दाराच्या कडीकडे गेलं. ती दारावर नाहीच. दारापासून लांब, बाहेरच्या भिंतीतल्या कोनाड्यात आहे, गजांतून हात काढला तरी कैद्याला पोचू नये म्हणून. ऑफिसला आपण चेष्टेत काळं पाणी म्हणतो ना? मी यापुढे म्हणणार नाही. आपली कडी आतून आहे.

तर माझं मत असं. सुट्टीची तयारी म्हणजे तिकिटं, हॉटेल आणि सनस्क्रीन नव्हे. जायच्या पंधरा दिवस आधी बसून अशा कामांची यादी करायची जी फक्त आपल्यालाच येतात, आणि ती एकेक करून दुसऱ्याला देऊन टाकायची. एक दिवस ऑफिसात असूनही फोन न उचलता बघायचं, काय पडतं ते. जे पडेल ते आपलं खरं काम, इश्यू नव्हे. आणि ज्युनियर मुलगी चॅटवर काही लिहिते तेव्हा ते वाचायचं. आपण लॅपटॉप घेऊन जातो तेव्हा नुसती आपली सुट्टी बुडत नाही, मागे राहिलेल्यांवर आपला विश्वास नाही हेही आपण त्यांना सांगत असतो.

सोमवारी पहिलं काम तो अ‍ॅक्सेस तिला देणं. दुसरं, ती बरोबर होती हे त्याच अकरा जणांसमोर सांगणं.

लेकीला विचारलं, परत जाऊया का तिकडे? ती म्हणाली, "हो. पण ओहोटी कधी आहे ते आधी बघ."

असो. मशीन थांबलंय, कपडे वाळत घालायचेत.