निरुपयोगी माशाचें रक्षण

ज्या प्राण्याचा मनुष्यास उपयोग नाहीं त्याच्या रक्षणार्थ द्रव्य वेंचणें व्यर्थ होय, असें म्हणणारे पुष्कळ आहेत. त्यांच्या विचारार्थ अमेरिकेंतील एका माशाची हकीकत मांडतों.

कॅलिफोर्निया संस्थानांत, सिएरा नेव्हाडा पर्वतांत, सिल्व्हर किंग नांवाचा ओढा आहे. पायूट कटथ्रोट ट्राउट ही माशाची उपजाति मूळची याच ओढ्याच्या थोड्या मैलांच्या भागांतली. पृथ्वीवर अन्यत्र ती नव्हती. इतर ट्राउट माशांप्रमाणें हिच्या अंगावर काळे ठिपके बहुधा नसतात. १९३३ सालीं स्नायडर या शास्त्रज्ञानें चांदण्यांतील इंद्रधनुष्यावरून हिचें शास्त्रीय नामकरण केलें.

पुढें परके ट्राउट ओढ्यांत सोडले गेले व त्यांच्याशीं संकर होऊन मूळ वंश स्वस्थानांतून नाहींसा झाला. तो समूळ बुडाला नाहीं याचें श्रेय एका मेंढपाळास आहे. ज्या धबधब्यावर मासे स्वतः चढूं शकत नाहींत, त्याच्या वरच्या पाण्यांत त्यानें १९१२ सालीं कांहीं मासे नेऊन सोडले होते.

खालचें पाणी परक्या माशांपासून मोकळें करण्यासाठीं २०१३ ते २०१५ या काळांत तेथें रोटेनोन हें मत्स्यविष घालण्यांत आलें. यानें जलकीटकही मरतात, हा विरोधकांचा आक्षेप खोटा नव्हता. न्यायालयीन वादांत कित्येक वर्षें गेलीं. तरीही माझ्या मतें तें कार्य योग्यच होतें. बहुतेक कीटक शेजारच्या झऱ्यांतून परत येऊं शकतात. नष्ट झालेली उपजाति कोठून आणावी? अखेर २०१९ सालीं सुमारें ३० मासे स्वगृहीं परतले. परके मासे सोडण्यास घटकाभर पुरली. तें निस्तरण्यास पिढ्या लागल्या.

आपणही यांतून बोध घ्यावा. आफ्रिकेंतील तिलापिया, म्हणजे आपल्या कोळ्यांचा चिलापी, १९५२ सालीं हिंदुस्थानांत आणला गेला. आज उजनीच्या जलाशयांत तो विपुल आहे. त्यापूर्वीं आपल्या ओढ्यांत कोणते मासे होते, हें किती जणांस सांगतां येईल?

परमेश्वरानें मनुष्यास बाग दिली ती केवळ फळें खाण्यासाठीं नव्हे, राखण्यासाठींही दिली. जें राखावयाचें त्याची प्रथम ओळख हवी. यास्तव विद्यार्थ्यांनीं या सुटींत आपल्या गांवच्या वृद्ध कोळ्यांकडे जाऊन तेथील माशांचीं नांवें विचारून लिहून ठेवावीं.