उंदराचा दोष किती?

भिवंडी शहरातील कामतघरात वऱ्हाळा तलावाच्या काठी उभे राहिले, तर मन शांत होते. परंतु तेथून यंत्रमागांच्या वस्तीत पाऊल टाकताच धोट्यांची खडखड कानांवर आदळू लागते. या खडखडाटावरच येथील कितीतरी घरांची चूल पेटते. म्हणूनच एखादा माग अवचित थांबला, की त्याची शांतता गोंगाटापेक्षाही अधिक अस्वस्थ करते.

माग थांबला, की जॉबर येतो आणि बटणाची पेटी उघडून पाहतो. कधी आतली तार कुरतडलेली आढळते, तर कधी दोन तारांच्या मध्ये जळून गेलेली पाल सापडते. "उंदराने घात केला!" असे म्हणून सारे मोकळे होतात. कामगाराची मजुरी विणलेल्या कापडाच्या मापावर ठरते. माग जितका वेळ थांबतो, तितका वेळ त्याची मिळकतही थांबते. तेव्हा त्याचा संताप स्वाभाविक आहे. तथापि संतापाच्या भरात केलेला निवाडा न्याय्य असतोच असे नाही.

उंदीर तार का कुरतडतो, हे प्रथम पाहिले पाहिजे. त्याचे पटाशीचे दात जन्मभर वाढत असतात. वर्षाकाठी ते १० सेंटीमीटरांहूनही अधिक वाढू शकतात. सतत काहीतरी कुरतडून ते झिजवले नाहीत, तर त्याला तोंड मिटणेही कठीण होईल. लाकूड, साबण आणि तारेवरचे वेष्टन, सारे त्याला सारखेच. त्यात मागाच्या खोलीत ऊब असते, घरट्यासाठी सुताचे तूस असते, ताण्याच्या सुतावर अनेकदा पिठाची खळ असते आणि कोपऱ्यात भाकरीचे तुकडे सांडलेले असतात. इतके आमंत्रण असताना तो आला नाही, तरच नवल!

ही गोष्ट केवळ लहान कारखान्यांत घडते असे नाही. जपानमधील फुकुशिमा येथील अणुवीजकेंद्रात मार्च २०१३ मध्ये वापरलेले इंधन थंड ठेवणारी यंत्रे बंद पडली. त्यांपैकी काही पूर्ववत सुरू होण्यास एक दिवसाहून अधिक काळ लागला. शोध घेता, विजेच्या पेटीत एक जळालेला उंदीर आढळला. ती पेटी २०११ च्या भूकंपानंतर तात्पुरती म्हणून उघड्यावर ठेवलेली होती आणि दोन वर्षे उलटली तरी ती तात्पुरतीच राहिली होती. मग दोष उंदराचा मानावा, की त्या 'तात्पुरत्या' व्यवस्थेचा?

त्याहून दुःखद घटना ६ फेब्रुवारी १९९६ रोजी घडली. डॉमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेले एक प्रवासी विमान समुद्रात कोसळून १८९ माणसे मृत्युमुखी पडली. विमानाचा वेग मोजण्यासाठी बाहेरच्या बाजूला एक बारीक नळी असते. ती बुजल्यामुळे वैमानिकांना खोटा वेग दिसत होता. विमान काही दिवस जमिनीवर उभे असताना त्या नळीत बहुधा कुंभारमाशीने घर केले असावे, असे तपास करणाऱ्यांचे मत पडले. आपल्या खिडकीच्या कोपऱ्यात मातीचे घर बांधणाऱ्या माशीच्या जातीचीच ती एक माशी! त्या नळीवर घालण्यासाठी साधे आच्छादन असते. तेवढे घातले असते, तर माशीला आत शिरताच आले नसते.

कोणी म्हणेल, "एवढा विचार कशाला? विष घालावे म्हणजे झाले." परंतु विषाने आजचा उंदीर मरतो, उद्याचा मरत नाही. उंदराच्या मादीला सुमारे तीन आठवड्यांत पिले होतात आणि रिकामे झालेले बीळ पुन्हा भरते. शिवाय विष खाल्लेला उंदीर घुबडाने किंवा मांजराने खाल्ला, तर उंदरांचा वैरी, म्हणजे आपला मित्रच, प्राणास मुकण्याचा संभव असतो. याउलट भोक बुजवण्याचा उपाय स्वस्त आहे आणि टिकाऊही. ज्या भोकातून पेन्सिल आत जाते, त्यातून उंदराचे पिलूही आत जाऊ शकते, एवढे ध्यानात ठेवले तरी पुरे.

मात्र हे काम एकट्या कामगारावर ढकलणे योग्य नव्हे. जेवायला दुसरी जागाच नसेल, तर तो मागाशेजारीच भाकरी सोडणार. तिचे तुकडे सांडले म्हणून त्याला बोल लावणाऱ्याने आधी त्याला बसण्यासाठी स्वच्छ जागा द्यावी, पेट्यांना घट्ट झाकणे बसवावीत आणि दाराखालची फट बंद करून घ्यावी. त्यानंतर कामगारानेही झाकण उघडे टाकू नये, उरलेले अन्न डब्यात ठेवावे आणि पाळी संपताना तूस झाडून काढावे. दोघांनी आपापला वाटा उचलल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही.

उंदीर आपल्या स्वभावाप्रमाणे वागतो. तो बदलणे त्याच्या हाती नाही. झाकण लावणे मात्र माणसाच्या हाती आहे. म्हणून यंत्र बंद पडले, की आत कोण शिरले एवढेच विचारून थांबू नये. वाट कोणी मोकळी ठेवली, हेही विचारावे.