बरोबर कोण जाणार?

२१ डिसेंबर २०२५ रोजी दुबईत एकोणीस वर्षांखालील मुलांच्या आशिया चषकाचा अंतिम सामना झाला. पाकिस्तानने ८ बाद ३४७ धावा केल्या, भारताचा डाव १५६ धावांत आटोपला आणि आपण १९१ धावांनी हरलो. पराभूत संघाचा कर्णधार आयुष म्हात्रे हा आमच्या विरारचा. पुढे फेब्रुवारी २०२६ मध्ये हरारे येथे त्याच्याच नेतृत्वाखाली भारताने इंग्लंडला हरवून त्या वयोगटाचा विश्वचषक जिंकला आणि दुबईचे दुःख लोक विसरले. आम्हांला या लेखात जय-पराजयाविषयी काही म्हणायचे नाही. त्या दिवसांत आमच्या परिसरात एक कथा पुन्हापुन्हा सांगितली गेली, तिच्याविषयी म्हणायचे आहे. आम्ही वसई तालुक्यात मराठी शिकवणारे प्राध्यापक. क्रिकेटचे आमचे ज्ञान सामान्य प्रेक्षकाइतकेच आहे. पण कथेत काय सांगितले जाते आणि काय गाळले जाते हे पाहणे हा आमचा पोटापाण्याचाच उद्योग आहे.

ही कथा वाचकांनाही पाठ असेल. मुलगा पहाटे चारला उठतो. त्याच्या उंचीएवढी किटबॅग खांद्यावर असते. विरारहून सुटणारी लोकल, तिच्यातली गर्दी, गाडीतच पुरी केलेली झोप, डब्यातली पोळीभाजी, मग मैदान, परतीची गाडी, रात्रीचा अभ्यास आणि अखेरीस निळी जर्सी. आयुष सहा वर्षांचा असल्यापासून विरारहून चर्चगेटला सरावासाठी जात असे, असे त्याच्याविषयी छापून आले आहे. त्याच्या आधी हीच कथा पृथ्वी शॉची होती. तोही विरारचा. २०१६ साली श्रीलंकेत झालेला हाच आशिया चषक जिंकणाऱ्या भारतीय संघात तो होता, आणि २०१८ साली त्याच्या नेतृत्वाखाली भारताने न्यूझीलंडमध्ये युवा विश्वचषक जिंकला. विरारच्या पलीकडे पालघरला गेलो, तर तेथे शार्दूल ठाकूरची हीच कथा भेटते. पात्रे बदलतात, कथानक तेच राहते. आमच्या महाविद्यालयाच्या वार्षिकांकासाठी या वर्षी ‘जिद्द’ या विषयावर जे निबंध आले, त्यांतल्या बहुतेकांत हीच लोकल धावत होती.

कथेविषयी आमची पहिली तक्रार अशी की तिच्यात प्रवास हा गुण मानला जातो. विरार ते चर्चगेट हे अंतर साठ किलोमीटरांचे आहे. सहा वर्षांच्या मुलाने ते पहाटे कापावे यात कौतुक करण्याजोगे काय आहे? कौतुक मुलाचे करावे हे ठीक. पण अंतराचे कौतुक कसे करता येईल? १२ एप्रिल १८६७ रोजी विरारहून मुंबईच्या बॅकबेपर्यंत पहिली उपनगरी गाडी धावली. तेव्हापासून आम्ही नोकरीसाठी, कॉलेजसाठी, इस्पितळासाठी आणि नाटकासाठीही दक्षिणेकडे जात आलो आहोत. दीडशेहून अधिक वर्षे जे करावे लागते ते हळूहळू आपल्याला आपला स्वभावच वाटू लागते. उणीव इतकी जुनी झाली की तिची परंपरा होते, आणि परंपरेविरुद्ध कोणी तक्रार करीत नाही.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. या कथेत एक दुय्यम पात्र असते आणि कथा त्याच्याकडे कृतज्ञतेने पाहून पुढे जाते. आयुषच्या कथेत ते पात्र त्याचे आजोबा आहेत. लहानग्याला घेऊन रोज गाडीत चढणारे तेच. पृथ्वीच्या कथेत वडील आहेत. त्याची आई तो चार वर्षांचा असतानाच गेली, आणि मुलाला मैदानावर नेण्यासाठी वडिलांनी आपला कपड्यांचा व्यवसाय बंद केला. शार्दूलच्या कथेत प्रशिक्षक दिनेश लाड आहेत. पालघरच्या मुलाला बोरिवलीच्या शाळेत खेळता यावे म्हणून त्यांनी त्याला आपल्या घरी ठेवून घेतले. समीक्षेच्या भाषेत बोलायचे तर या पात्राला आपण ‘साहाय्यक’ म्हणू. परंतु नीट वाचले तर लक्षात येते की कथानक त्याच्याच खांद्यावर उभे आहे. त्याला वगळून पाहा, कथा विरार स्थानकाच्या जिन्यावरच संपते.

म्हणून आमचे म्हणणे असे की आशिया चषकाचा संघ निवड समिती निवडते हे अर्धेच सत्य आहे. पहिली निवड त्याच्या दहा-बारा वर्षे आधी घरात झालेली असते. तेथे मुलाचा बॅकफूट कोणी पाहत नाही. तेथे एकच प्रश्न विचारला जातो: बरोबर कोण जाणार? ज्या घरात एक प्रौढ माणूस रोज सहा-सात तास मोकळा आहे, किंवा आपला धंदा बंद करून तो मोकळा होऊ शकतो, त्या घरचा मुलगा पुढे जातो. बाकीच्यांची नावे कोणत्याही यादीत येत नाहीत, त्यामुळे ते वगळले गेले असेही कोणी म्हणत नाही.

येथे कोणी अथर्व अंकोलेकरचे उदाहरण देईल. १४ सप्टेंबर २०१९ रोजी कोलंबोत याच स्पर्धेचा अंतिम सामना होता. भारताचा डाव अवघ्या १०६ धावांत संपला होता, आणि तरीही आपण बांगलादेशाला १०१ धावांत गुंडाळून पाच धावांनी जिंकलो. त्या दिवशी या डावखुऱ्या फिरकी गोलंदाजाने २८ धावांत पाच बळी घेतले. त्याचे वडील तो लहान असतानाच वारले होते. आई बेस्टच्या बसमध्ये कंडक्टर. तिने नोकरी सोडली नाही, सोडणे शक्यही नव्हते, आणि तरी मुलगा तेथवर पोहोचला. मग आमचा सिद्धान्त खोटा ठरतो काय? आम्हांला तसे वाटत नाही. अथर्व अंधेरीचा. मुंबईची मैदाने त्याच्या आवाक्यात होती. त्या माउलीचे कष्ट कमी लेखण्याचा आमचा हेतू नाही. पण तीच बाई, तीच नोकरी, तोच मुलगा आणि घर मात्र विरारला, असे चित्र मनाशी उभे करून पाहावे. पहाटेची ड्युटी आणि पहाटेची लोकल या दोहोंना एकच आई कशी पुरी पडणार?

आणि अंतराचे महत्त्व मुंबईकरांना ठाऊक नाही असेही नाही. सचिन तेंडुलकरचे घर वांद्र्यात होते. शाळा बदलून तो शारदाश्रमात गेला आणि शिवाजी पार्कजवळ काका-काकूंकडे राहू लागला, कारण वांद्रे ते दादर ही रोजची ये-जा त्या वयाच्या मुलाला जड जात होती. वांद्रे ते दादर! आमच्या मुलांची गाडी वांद्र्याला पोहोचते तेव्हा त्यांचा पाऊण प्रवास झालेला असतो.

आता आमच्या स्वतःच्या वाट्याचा भाग. तो टाळून हा लेख लिहिणे अप्रामाणिकपणाचे होईल.

काही वर्षांपूर्वी आमच्या प्रथम वर्षाच्या वर्गात नालासोपारा पूर्वेकडून येणारा एक मुलगा होता. तोही डावखुरा फिरकी गोलंदाज. वडील वालीवच्या एका गाळ्यात रात्रपाळीला, आई घरी बसून मण्यांच्या माळा ओवण्याचे काम करी. लहानपणी शेजारचा एक मोठा मुलगा त्याला आपल्याबरोबर मुंबईला नेत असे. त्या मुलाला नोकरी लागली आणि याचे जाणे थांबले. एकट्याने प्रवास करण्याइतका मोठा होईपर्यंत तीन वर्षे गेली. एकोणीस वर्षांखालील गटाच्या निवड चाचणीसाठी त्याने पुन्हा सराव धरला, तेव्हा तो आमचा विद्यार्थी होता. आठवड्यातले तीन दिवस त्याला वर्गात बसणे जमेना. कमी उपस्थितीच्या यादीत त्याचे नाव आले. ती यादी आम्हीच केली होती. तो भेटायला आला तेव्हा आम्ही त्याला खेळाचे प्रमाणपत्र आणायला सांगितले, म्हणजे सवलत देता येईल. तो म्हणाला, “सर, प्रमाणपत्र निवड झाल्यावर मिळतं.” आम्ही नियमावर बोट ठेवले. त्याने सराव सोडला, उपस्थिती भरली आणि पुढे द्वितीय श्रेणीत पदवीही घेतली. आज तो एका कुरिअर कंपनीच्या गोदामात काम करतो.

तो भारताकडून खेळला असता असा आमचा दावा नाही. बहुधा नसताच खेळला. लाखांत एक खेळतो. परंतु त्याला ते कळण्याचीही संधी मिळाली नाही. दुबईच्या सामन्यानंतर दोन-तीन दिवसांनी तो आमच्यापैकी एकाला फलाटावर भेटला. आयुषचा विषय निघणारच होता. तो हसून एवढेच म्हणाला, “सर, त्याला आजोबा होते.” त्यात असूया नव्हती. एखादी गोष्ट हिशेबात नीट लागल्यावर माणूस जसे बोलतो तसे तो बोलला.

जे पुढे जातात त्यांच्याही घरांनी केवढे पणाला लावलेले असते हेही पाहायला हवे. १९८९ साली बांगलादेशात सुरू झालेली ही स्पर्धा भारताने आजवर आठ वेळा जिंकली. त्यांपैकी २०१२चे विजेतेपद पाकिस्तानबरोबर विभागून. जानेवारी २०१४ मध्ये शारजात अंतिम सामन्यात पाकिस्तानला हरवणाऱ्या संघाचा कर्णधार होता जालन्याचा विजय झोल, आणि त्या सामन्यात त्याने शतक केले होते. तो पुढे भारताच्या मुख्य संघातून कधी खेळला नाही. त्याचे कर्तृत्व त्यामुळे कमी होत नाही. पण शिखरावर पोहोचलेल्याचीही जर ही स्थिती, तर मुलाच्या खेळासाठी आपला धंदा बंद करणाऱ्या बापाने नेमक्या कशाच्या भरवशावर तो बंद करावा? यश आले की आपण त्याला दूरदृष्टी म्हणतो. न आले तर म्हणायला कोणी तेथे उभाच नसतो.

मुलींच्या बाबतीत हा प्रश्न दुप्पट होतो. डिसेंबर २०२४ मध्ये मलेशियात एकोणीस वर्षांखालील मुलींचा आशिया चषक प्रथमच खेळला गेला, आणि भारताने बांगलादेशाला हरवून तो जिंकला. मुंबईची सानिका चाळके त्या संघाची उपकर्णधार होती. आमच्या वर्गांत उत्तम खेळणाऱ्या मुली आहेत. मुलगा सोळा वर्षांचा झाला की त्याला एकट्याने पहाटेच्या गाडीत बसू देतात. मुलीच्या बाबतीत “बरोबर कोण जाणार?” हा प्रश्न विसाव्या वर्षीही तसाच असतो, आणि त्याचे उत्तर बहुधा ‘कोणी नाही’ हेच असते.

मग करायचे काय? मुलांनी कष्ट करू नयेत असे आम्ही म्हणत नाही. कष्ट मैदानावर व्हावेत, गाडीत नव्हे. लोणावळ्याचा विकी ओस्तवाल लहानपणी वडिलांबरोबर रेल्वेने मुंबईला सरावासाठी येत असे. पुढे पिंपरी-चिंचवडमध्ये थेरगाव येथे दिलीप वेंगसरकरांच्या अकादमीत तो खेळू लागला. २०२१च्या आशिया चषकाच्या अंतिम सामन्यात त्याने श्रीलंकेचे तीन बळी घेतले. ऋतुराज गायकवाडही थेरगावच्या त्याच अकादमीतला. मैदान मुलाच्या जवळ नेता येते, हे यावरून दिसावे.

वसई-विरार महानगरपालिका २००९ साली स्थापन झाली. २०११च्या जनगणनेत या शहराची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. आमच्याकडे क्रिकेट नाही असे कोण म्हणेल? भात कापून झाले की खाचरांत स्टंप रोवले जातात आणि टेनिस चेंडूच्या स्पर्धा पावसाळ्यापर्यंत चालतात. अलीकडे ताशी भाड्याने मिळणारे टर्फही जागोजागी झाले आहेत. पण आशिया चषकाकडे जाणारी वाट सीझन चेंडूची आहे, आणि तिच्यासाठी चांगली खेळपट्टी, नेट, रोज येणारा प्रशिक्षक आणि शाळांचे नियमित सामने लागतात. हे सर्व नालासोपाऱ्याच्या मुलाला रिक्षाच्या अंतरावर आणि परवडेल अशा दरात मिळाले, तर त्याच्या घरी तो प्रश्न विचारलाच जाणार नाही. विश्वचषकाच्या अभिनंदनाचे फलक लावण्यास आमची हरकत नाही. त्याच उत्साहात दोन-चार खेळपट्ट्याही तयार व्हाव्यात, इतकेच.

राहता राहिलो आम्ही. आमच्या हाती मैदान नाही, उपस्थितीपत्रक आहे. निवड होण्यापूर्वीही केवळ प्रशिक्षकाच्या पत्रावर सवलत मिळावी, असा अर्ज आम्ही आमच्या महाविद्यालयात दिला आहे. तो मंजूर होईल की नाही, सांगता येत नाही. ज्याच्यासाठी तो द्यायला हवा होता, त्याला त्याचा उपयोग नाही.